सदक्याचा राघू

आपा, तुमच्या मयतीला मी ‘माफ केलं’ म्हणाले होते. ते तसंच राहू द्यावं की परत घ्यावं, हे ठरवायला आज बसले आहे. उद्या तुमचा चाळिसावा. तेव्हा आज ठरवायलाच हवं.

तुम्ही तर पांढऱ्या कापडात निवांत झोपला होता. सलीमनं दारात उभं राहून आम्हा बायकांना विनवलं, अम्मीनं कोणाचं मन दुखवलं असेल, तिच्या तोंडून कोणाला कमी-जास्त गेलं असेल, तर तिला माफ करा. तुमच्यातली ही रीत मला नवी नाही. गल्लीतल्या बायका एकेक करून ‘माफ किया’ म्हणाल्या. मीही म्हणाले, मराठीत, आणि रडता रडता मला हसू आलं. माफ करायला होतं काय? माझी खोबऱ्याची किसणी तुम्ही नेली ती कधी परत आली नाही, एवढंच. उलट मीच तुमची जन्माची मिंधी. माझा दिलीप तुमच्यामुळं हाताशी राहिला, असं मी चारचौघांत सांगत आले. त्यानं तुमच्या जनाज्याला खांदा दिला तेव्हा मला वाटलं, चला, एवढं तरी फिटलं.

मग आठवड्यानं शहनाज माझ्याकडं येऊन बसली. जालन्याला परत जायच्या आधी तिला आईबद्दल बोलायचं होतं. तुमची थोरवी सांगता सांगता ती राघूचं काय झालं ते बोलून गेली. पोरीला वाटलं, मावशीला सगळं ठाऊकच असणार. आपा, त्या दिवसापासून मी तुमच्या दाराकडं फिरकले नाही. दिलीप विचारतो, आई, काय झालं? मी सांगते, गुडघे दुखतात.

लग्न होऊन बेगमपुऱ्यात आले तेव्हा मी कशी होते, हे तुमच्याशिवाय आता कोणाला माहीत नाही. पाचोडजवळच्या वस्तीवरची पोर, बोलायला लागले तर शेताच्या या बांधावरून त्या बांधाला ऐकू जावं असा आवाज. आमचे हे पहाटेच चिकलठाण्याला कारखान्यात जायचे आणि दिवसभर मी भिंतींशी बोलायची. तुमची गच्ची आणि आमची गच्ची यांच्यात कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून तुम्ही माझ्याशी पहिलं बोललात ते असं, की ‘मिरच्यां ऐसे सुखाते क्या गे?’ मला असा राग आला की मी दोन दिवस गच्चीवर गेले नाही. मिरच्यांना बुरशी धरली ती वेगळीच. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या वाळलेल्या मिरच्यांतल्या ओंजळभर घेऊन आमच्या दारात उभ्या होता.

पोलीस ॲक्शननंतर तुमचे दीर-जावा एकेक करून हैदराबादला गेले, कोणी त्याच्याही पुढं. तुम्ही गेला नाहीत. का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, इतकी भांडी कोण उचलणार. खरं कारण तुम्ही मला कधी सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही. जे तुम्हाला सांगायचं नसेल ते तुम्ही सांगत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

राघू मला पाचोडच्या बाजारात भेटला. दिलीप तेव्हा पहिलीत होता, आणि मी दोन दिवस माहेरी गेले होते. बाजारात चिंचेखाली एक पोपटवाला बसायचा, भविष्य सांगणारा. पिंजऱ्याचं दार वर केलं की पोपटानं बाहेर यायचं, मांडलेल्या पाकिटांतलं एक चोचीनं ओढून धन्याच्या हातात द्यायचं, एक दाणा घ्यायचा आणि मुकाट आत जायचं. त्या दिवशी तो बाहेर आला आणि नुसताच उभा राहिला. एक पंख लोंबत होता, शेपटीची पिसं झडलेली. गिऱ्हाईक हसलं. त्या माणसानं काडी उचलली आणि त्याच्या चोचीवर मारली. पुन्हा मारली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी त्याची अर्ध्या बाजारासमोर शोभा केली. तो शांतपणे म्हणाला, ‘लई कळवळा असंल तर घिऊन जा बाई. हे आता कामाचं राहिलं नाय.’ मी पिंजऱ्यासकट उचलला. भाऊ म्हणाला, अक्के, सासरी काय सांगशील? मी म्हटलं, माहेरचं आंदण म्हणून सांगीन.

मला वाटलं, मी याला सोडवलं, आता हा माझ्यावर जीव टाकील. घरी आल्या आल्या पिंजरा गच्चीवर नेला आणि कुरवाळायला म्हणून मी आत हात घातला. त्यानं बोटाचा असा लचका घेतला की वण अजून आहे. मी ओरडले आणि भिंतीपलीकडून तुम्ही हसलात. मी तणतणत सांगितलं, की अहो आपा, मी याचा जीव वाचवला. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘वो तेरेकू मालूम. उसकू कहाँ मालूम?’

तुमच्या सासऱ्यांच्या काळी तुमच्या घरात पोपट असायचे, त्यामुळं तुम्हाला त्यातलं कळायचं. तुम्ही भिंत ओलांडून आलात, पिंजऱ्याकडं पाठ करून बसलात आणि माझ्याशी गल्लीतल्या लग्नाच्या गोष्टी बोलायला लागलात. मी म्हटलं, आपा, त्याच्याकडं बघा तरी. तुम्ही म्हणालात, बघायचं नाही. बघणारे त्यानं आजवर पुष्कळ बघितलेत, आता न बघणारं कोणीतरी भेटू दे.

तिथून माझी शाळा सुरू झाली. मला कोणी शिकवलेलं आवडत नाही हे सगळ्या जगाला माहीत, पण तुमच्यापुढं माझं काही चालायचं नाही. रोज दुपारी पिंजऱ्याजवळ पाठमोरी बसून डाळ निवडायची. आवाज खाली. हात त्याच्या डोक्यावरून न्यायचा नाही, कारण वरून येतं ते झडप घालायला येतं, असं पाखराला वाटतं. काडीसारखं दिसेल ते सगळं घरातून हलवायचं. केरसुणी दाराआड गेली, दिलीपची पट्टी दप्तरात गेली, आणि आमच्या ह्यांनी पावसातून येऊन छत्री घरात आणली की मी त्यांना परत बाहेर पाठवायची. ते म्हणायचे, या घरात पोपटाला मान आहे, मला नाही. मी म्हणायची, पोपट चिकलठाण्याहून घाणेरडे बूट घालून येत नाही.

आणि ते दार. दार उघडून ठेवायचं आणि विसरून जायचं, असं तुम्ही सांगितलंत. तो बाहेर आला तरी त्याच्या मागं बंद करायचं नाही, आत गेला तरी नाही. ज्याला केव्हाही परत जाता येतं, तोच बाहेर टिकतो, म्हणालात. आपा, हे तुमचे शब्द आहेत. मी नीट लक्षात ठेवलेत.

पहिल्यांदा दार उघडं टाकलं तेव्हा काय झालं, आठवतं? मी वर्तमानपत्र पसरून त्यावर डाळ निवडत होते. तो तुरुतुरु बाहेर आला, कागदाचा कोपरा चोचीत धरून ओढला, फाडला, तो तुकडा माझ्या गुडघ्यापाशी ठेवला आणि आत जाऊन दाण्याची वाट बघत उभा राहिला. मला हसू आवरेना. मी दिलीपला हाक मारली, बघ रे, राघू माझं भविष्य सांगतोय. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, ‘हसू नको सरू. ये उसकी नोकरी है.’ मी डाळीचा दाणा उचलला तर तुम्ही माझा हात धरलात. आता नाही द्यायचा. तो काहीच करत नसेल तेव्हा द्यायचा. नुसता बसलेला असेल, पंख खाजवत असेल, तेव्हा. काम न करताही आपल्याला मिळतं, हे त्याला कळलं पाहिजे.

किती कागद फाडले त्यानं! दिलीपच्या पुस्तकाची पानं, पंचांग, शिधापत्रिकेचा कोपरा. आणून ठेवायचा आणि आत जाऊन उभा राहायचा. न देणं मला फार जड जायचं. मी चोरून द्यायचीही, आणि भिंतीपलीकडून तुमचा आवाज यायचा, की दिला ना? तुम्हाला कसं कळायचं, देव जाणे. पण हळूहळू त्याचं ते कमी झालं. पावसाळा सरता सरता एका दुपारी तो बाहेर आला, कागदाकडं बघितलं आणि त्याला चोचही न लावता माझ्या डाळीच्या ताटाच्या काठावर चढून बसला. एक पाय पोटाशी घेतला, चोच कराकरा घासली आणि डोळे मिटले. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. मुंग्या येऊन माझा पाय मेला, तरी हलले नाही. त्या दिवशी आमच्याकडं डाळ शिजलीच नाही.

नावावरून आपलं कधीच पटलं नाही. मी राघू म्हणायची, तुम्ही मिठ्ठू. मी म्हणायची, माझ्या माहेरच्या बाजारातला आहे, नाव माझंच लागणार. तुम्ही म्हणायच्या, तालीम माझी आहे. तो दोन्हींना ओ द्यायचा नाही. बोलणारा पोपट नव्हताच तो. पोपटवाल्यानं त्याला पाकीट ओढायला शिकवलं होतं, बोलायला कशाला शिकवील? मी मात्र रोज सकाळी हात ताटासारखा पसरून म्हणायची, ‘ये. ये रे.’ तुम्हीच सांगितलं होतं, एकच शब्द, एकाच आवाजात. संक्रांतीच्या सुमाराला, पंख सावरून नवी पिसं फुटल्यावर, तो पहिल्यांदा माझ्या तळहातावर आला. पाखराचे पाय गरम असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तुम्हाला हाक मारली नाही, हाक मारली असती तर तो बिचकला असता. पण तुम्ही भिंतीपाशी उभ्याच होता आणि पदरानं डोळे पुसत होता. मला अख्ख्या जगात त्या क्षणी कोणाला काही दाखवायचं होतं तर ते तुम्हाला.

त्या उन्हाळ्यात दिलीप तापानं फणफणला. मुदतीचा ताप, डॉक्टर म्हणाले. त्याला सरकारी दवाखान्यात भरती केलं आणि मी तिथंच त्याच्या खाटेखाली पथारी टाकली. घराची किल्ली आणि राघू, दोन्ही तुमच्याकडं. जाताना मी राघूला सांगितलं, आपांना त्रास देऊ नको. तुमच्यावर एवढा भरवसा होता की तिथं मला दिलीपशिवाय दुसरी काळजी नव्हती.

ताप उतरेना. पोराला ग्लानी आली, ओळख पटेनाशी झाली. आमचे हे कपडे न्यायला घरी आले तेव्हा तुमच्यापाशी रडले, डॉक्टर आता काही बोलत नाहीत म्हणाले. हे मला पुढं कळलं. माझी आई पाचोडहून आली, तिनं दिलीपवरून कोंबडी उतरवून वेशीबाहेर सोडली. मी तिला ‘नको’ म्हणाले नाही. त्या वेळी कोणी मला म्हटलं असतं, वेरूळपर्यंत लोटांगण घाल, तर मी घातलं असतं.

दोन-तीन दिवसांत ताप उतरला. पोरगं घरी आलं ते काडीसारखं, बापाच्या खांद्यावर मान टाकून. घरात पाऊल टाकलं आणि माझी नजर पिंजऱ्याच्या खुंटीकडं गेली. खुंटी मोकळी होती. तुम्ही मागून मऊ खिचडी घेऊन आलात. मी विचारलं, राघू कुठंय? तुम्ही खिचडी खाली ठेवली आणि सांगितलंत, की दिलीपचा सदका दिला, त्याच्यावरची बला टळावी म्हणून. दिलीपच्या सदऱ्यावरून पिंजरा उतरवला आणि पाखरू सोडून दिलं. ‘उड गया सरू. पाणचक्की की तरफ. थव्यात गेला, खुश गया.’

मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुमच्या कोंबड्या होत्या, बकरी होती, माझाच राघू दिसला का? तुम्ही मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणालात, ‘मेरी बकरी से तेरे बच्चे का सदका कैसा होता? तेरी चीज होना. तेरी जान से लगी हुई चीज.’ दिलीप आतून पाणी मागत होता. मी त्याला पाणी पाजलं आणि त्याचं कपाळ बघितलं. गार होतं. मग मी तुमची खिचडी वाढून घेतली.

पोराला कशानं उतार पडला, डॉक्टरांच्या गोळ्यांनी, माझ्या आईच्या कोंबडीनं की तुमच्या सदक्यानं, यावर आपण पुढं कितीदा हुज्जत घातली. आमचे हे म्हणायचे, कोणाच्या का कोंबड्यानं उजाडेना, उजाडलं ना? मी मनात ठरवून टाकलं होतं, तुमच्यामुळं. कारण आईची कोंबडी तिच्या खुराड्यातली होती, आणि राघू माझ्या हातावर बसत होता. ज्याचं दुखतं त्याचंच मोल लागतं, असं मला वाटायचं. आणि राघूचं तर चांगलंच झालं होतं की. पाकीट ओढणारा पोपट थव्यात गेला, याहून काय हवं?

रोज संध्याकाळी पाणचक्कीच्या झाडांकडं पोपटांचा थवा आपल्या गच्चीवरून जायचा. मी मान वर करून बघत राहायची. आणि तुम्ही, आपा, तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून बोट दाखवायच्या. ‘वो देख, पीछे वाला. तेरा राघू.’ मी म्हणायची, नाही हो, तो पुढचा. आपण त्यावरूनही वाद घातला. दिलीप मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याच्या लेकीलाही मी त्याच गच्चीवर उभं करून सांगितलं, बघ, आमच्या राघूची नातवंडं चाललीत. तुम्ही तेव्हाही बोट दाखवलंत.

आता शहनाजनं सांगितलं ते ऐका. तुम्ही मला सांगितलं नाहीत, तर मीच तुम्हाला सांगते.

तुम्ही पिंजरा गच्चीवर नेलात, दार वर केलंत. तो बाहेर आला, भिंतीवर जाऊन बसला. तुम्ही टाळ्या वाजवल्या, ओढणी झटकली. तो उडाला, गल्लीवरून एक फेरी मारली आणि परत येऊन पिंजऱ्याच्या दाराशी उतरला. त्याच्या लेखी ते दार उघडंच असणार होतं. मीच त्याला तसं शिकवलं होतं, तुमच्या सांगण्यावरून. आणि तुम्ही ते दार खाली ओढलंत. सदका दिलेली चीज परत घेता येत नाही. तो तारेवर चोच मारत राहिला, तेव्हा तुम्ही पिंजराच उचलून खाली नेलात.

शहनाज तेव्हा दहा-अकरा वर्षांची. ती म्हणाली, ‘मावशी, तो भिंतीवर बसून बोलवायचा. तुमच्या आवाजात. ये, ये रे. अम्मी कान पे हात रखके रोती थी. मी म्हटलं, अम्मी, दार उघड ना. तर म्हणाली, खोली तो दिलीप जाएगा.’

तो माझ्याशी कधी एक शब्द बोलला नव्हता. बोलला तो तेव्हा, आणि मला बोलवत होता.

तो तिथंच राहिला, असं शहनाज म्हणाली. तुम्ही दाणे ठेवले नाहीत, दाणे ठेवले तर तो जाणार नाही म्हणून. तुम्हीही जेवला नाहीत. उन्हात त्याच्यासमोर बसून हात जोडून म्हणत राहिलात, जा बाबा, जा. दोन रात्री गेल्या. त्यानंतरच्या सकाळी गल्लीत पिसं पडलेली होती, बोक्यानं डाव साधला होता. तुम्ही जे उरलं ते गोळा केलंत, पांढऱ्या फडक्यात बांधलंत आणि अंगणात मेंदीखाली पुरलंत. मी गच्चीवर आभाळ बघत उभी असायची, आणि तो आपल्या पायांखाली होता.

आपा, मी शहनाजचं ऐकून घेतलं. तिला चहा दिला. ती गेल्यावर मी मोरीत जाऊन बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते.

सदक्याबद्दल माझं भांडण नाही, हे आधी सांगते. त्या दुपारी तुम्ही दवाखान्यात येऊन मला विचारलं असतं, सरू, दार उघडू का, तर मी काय सांगितलं असतं? दिलीपचे डोळे फिरले होते. मी म्हणाले असते, उघडू नका. मी स्वतः त्या दारावर हात दाबून बसले असते आणि त्याच्या हाका ऐकल्या असत्या. हे मला चांगलं कळतं. तुम्ही मला विचारलं नाहीत म्हणून ते मला करावं लागलं नाही, हेही कळतं. इतकी मी अडाणी नाही.

पण ते माझं होतं. पोरगं माझं होतं, राघू माझा होता, आणि त्याच्या हाकेला ओ न देण्याचं पापही माझंच होतं. ते तुम्ही परस्पर उचललंत आणि आयुष्यभर एकट्या वागवलंत. कोणी सांगितलं होतं? किसणी नेलीत तशीच हीही वस्तू नेलीत, न सांगता. मी दुःखसुद्धा धड केलं नाही त्याचं. राघू मेंदीखाली होता आणि मी खिचडी खात होते.

आणि बोट का दाखवलंत? मी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी खोटं बोललात ते मी समजू शकते, पोरगं अंथरुणावर होतं. पण दुसऱ्या वर्षी? दहाव्या? माझ्या नातीला सांगताना? एखाद्या दुपारी मेंदी वाटता वाटता सांगितलं असतंत तर मी आकाशपाताळ एक केलं असतं, हे खरं. पण शेवटी तुमच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले असते. एवढाही माझा भरवसा तुम्हाला नव्हता? एका पाखराचा विश्वास कसा मिळवायचा ते मला पाठमोरं बसवून शिकवलंत, आणि माझ्या विश्वासाचं हे केलंत.

शहनाज अजूनही काही म्हणाली. की त्यानंतर तुम्ही घरात कधी पाखरू ठेवलं नाही, सलीम लहानपणी हट्ट धरून बसला तरी नाही. की आजारपणात शेवटी शेवटी तुम्ही ‘ये रे, ये रे’ पुटपुटत होता आणि पोरांना वाटलं, अम्मी नातवाला बोलवते आहे. हे ऐकून मला दया यायला हवी. येते. पण दया आली म्हणून राग जात नाही, आपा, दोन्ही एकाच चुलीवर शिजतात.

तर ठरलं. मयतीला ‘माफ केलं’ म्हणाले ते मी परत घेते. कशाची माफी ते माहीत नसताना दिलेली माफी खरी नाही, आणि तुम्ही ती माझ्याकडून अशीच, न सांगता, पदरात पाडून घेतलीत. नुसतं परत घेते म्हणते, कधीच देणार नाही असं म्हणत नाही. पण आधी मला भांडायचं आहे. समोरासमोर, तुमच्या-माझ्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं.

तिथंच तर अडलं आहे. आपल्या इतक्या वर्षांत मी कितीदा रुसले, कितीदा गच्चीवर यायचं बंद केलं, आणि दरवेळी तुम्हीच आलात. कधी ओंजळभर मिरच्या घेऊन, कधी नुसत्याच, दाराशी उभं राहून म्हणायच्या, बस झालं गे. मी एकदाही आधी आले नाही. मला कधी यावंच लागलं नाही.

या खेपेलाही मी वाट बघितली. महिना होत आला, तुम्ही आला नाहीत.

उद्या मी येते. दिलीपला सांगितलं आहे, गुडघे बरे आहेत. तुमच्या-माझ्या दारांत सात-आठ पावलांचं अंतर आहे. मी पहिल्यांदा आधी येणार, आपा, आणि तुम्ही घरात नसणार.